व्हर्दून : पाच दिवस, तीन प्रश्न

पहिल्या महायुद्धातली व्हर्दूनची लढाई २१ फेब्रुवारी १९१६ रोजी सुरू झाली आणि १८ डिसेंबरला थांबली. या दहा महिन्यांत फ्रेंचांचे सुमारे ३,७७,००० आणि जर्मनांचे सुमारे ३,३७,००० सैनिक मारले गेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. एवढे होऊनही जर्मनांनी घेतलेल्या मुलखापैकी बराचसा वर्षअखेरीस पुन्हा फ्रेंचांकडे गेला होता. या लढाईवर फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी भाषांत पुस्तकांचा ढीग पडला आहे. त्यातली बरीच पुस्तके उन्हाळ्यातल्या चिखलाच्या आणि मृत्यूच्या वर्णनात गुंततात. पहिल्या पाच दिवसांच्या वाट्याला प्रस्तावनेइतकी पाने येतात. इतिहासकार मात्र ज्या प्रश्नांवर अजून भांडत आहेत, ते सगळे या पाच दिवसांतलेच आहेत. जर्मनांना नेमके काय हवे होते? एवढ्या मोठ्या हल्ल्याची चाहूल लागूनही फ्रेंच गाफील कसे राहिले? आणि इतकी जय्यत तयारी असलेली चाल पाच दिवसांत अडली का?

मराठी वाचकाची या युद्धाशी असलेली ओळख बहुतेक मेसोपोटेमियाच्या वाटेने आलेली आहे. हिंदी पायदळ १९१५ अखेर फ्रान्समधून हलवले गेले होते आणि व्हर्दूनवर हल्ला झाला त्या दिवसांत पुण्याची सहावी डिव्हिजन, तिच्यातल्या मराठा पलटणींसह, कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. आपल्याकडे कुतच्या कहाण्या घरोघर पोहोचल्या. व्हर्दून हे नाव पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरते राहिले. म्हणून आधी भूगोल थोडक्यात पाहू.

व्हर्दून हे ईशान्य फ्रान्समधले म्यूज नदीवरचे तटबंदीचे शहर. १८७१ च्या पराभवानंतर फ्रेंचांनी त्याच्याभोवती टेकड्यांवर लहानमोठ्या किल्ल्यांची कडी उभारली. त्यातला सर्वांत मोठा दुओमाँ. १९१४ च्या चकमकींनंतर इथली आघाडी जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात फुगवट्यासारखी घुसलेली होती, म्हणजे तीन बाजूंनी शत्रू. फ्रेंचांना रसद पोहोचवणाऱ्या दोन मोठ्या रेल्वेमार्गांपैकी एक जर्मनांनी १९१४ मध्येच तोडला होता आणि दुसरा त्यांच्या तोफांच्या टप्प्यात होता. उरला तो बार-ल-द्यूकहून येणारा सुमारे सत्तर किलोमीटरचा रस्ता आणि त्याच्या सोबतीची एक अरुंद रेल्वे. जर्मन बाजूला मात्र रेल्वेचे जाळे आघाडीच्या अगदी पाठीशी होते. हल्ल्यासाठी याहून सोयीची जागा नकाशावर शोधून सापडली नसती.

हवे होते तरी काय?

जर्मन सेनेचा प्रमुख एरिख फॉन फाल्केनहाइन याने युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत एक टिपण छापले. १९१५ च्या नाताळच्या सुमारास आपण ते कैसरला सादर केले, असे त्याचे म्हणणे. त्याचा मथितार्थ असा : खरा शत्रू इंग्लंड, आणि फ्रान्स ही त्याच्या हातातली तलवार. फ्रेंच आघाडीमागे अशी काही ठिकाणे आहेत की ती राखण्यासाठी फ्रेंच शेवटचा माणूसही झोकून देतील. अशा ठिकाणावर हल्ला केला की ठिकाण हाती येवो न येवो, फ्रेंच सेना रक्तस्रावाने गळून पडेल. पुढची कित्येक दशके व्हर्दूनचे प्रत्येक वर्णन या टिपणापासून सुरू होत असे. शहर जिंकायचे नव्हते, माणसे मारायची होती, हे विसाव्या शतकातल्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून शिकवले गेले.

अडचण अशी की या टिपणाची मूळ प्रत कोणाच्याच हाती लागलेली नाही. पॉट्सडामचे लष्करी दप्तरखाने १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले हे खरे. पण त्याच्या आधी अधिकृत इतिहास लिहिणाऱ्यांनाही ते मिळाले नव्हते. गेर्ड क्रुमाइख यांच्यासारखे इतिहासकार हे टिपण म्हणजे पराभवानंतरची सारवासारव मानतात : शहर घेता आले नाही, तेव्हा ते घ्यायचेच नव्हते असे म्हणणे सोपे. फाल्केनहाइनचे चरित्रकार होल्गर आफ्लरबाख यांना टिपण युद्धानंतर लिहिलेले वाटते, तरी त्यातला विचार त्या काळी फाल्केनहाइनच्या डोक्यात होता असे ते मानतात. रॉबर्ट फोली आणखी पुढे जातात. त्यांच्या मते शत्रूला झिजवणे हाच त्याचा विचारपूर्वक आखलेला डाव होता : नदीच्या उजव्या काठावरच्या टेकड्या झपाट्याने घ्यायच्या, मग त्या परत घेण्यासाठी फ्रेंच येतील तेव्हा तोफांनी त्यांना भाजून काढायचे, आणि मित्राच्या मदतीला ब्रिटिश घाईने दुसरीकडे तुटून पडले की राखून ठेवलेल्या फौजेने त्यांचाही समाचार घ्यायचा.

हा वाद टिपणाच्या खरेखोटेपणावर सोडवता येणार नाही. हल्ल्याच्या आधी निघालेले हुकूम काय सांगतात ते पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. हल्ला करायचा होता तो युवराज विल्हेल्मच्या पाचव्या सेनेने. तिचा खरा सूत्रधार चीफ ऑफ स्टाफ श्मिट फॉन क्नोबेल्सडॉर्फ. पाचव्या सेनेच्या हुकुमात व्हर्दूनचा किल्ला लवकरात लवकर घ्यायचा असे सरळ लिहिले होते. फाल्केनहाइनच्या शब्दांत मात्र व्हर्दूनच्या दिशेने चाल करण्याइतकेच होते. युवराज आणि क्नोबेल्सडॉर्फ यांना म्यूजच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी हल्ला हवा होता. फाल्केनहाइनने फक्त उजव्या काठाला परवानगी दिली आणि राखीव डिव्हिजन आपल्या मुठीत ठेवल्या. वरिष्ठाला झीज हवी, कनिष्ठाला शहर हवे, आणि दोघांनी एकाच कागदावर सही केलेली. दोन्ही डगरींवर हात ठेवून निघालेल्या या मोहिमेचा पुढचा सगळा घोळ या सह्यांतच आहे. जिंकण्यासाठी लागते तेवढी ताकद तिला मिळाली नाही, आणि जिंकायचे नाही असे पायदळाला कोणी सांगितलेही नाही.

चाहूल होती, कान नव्हते

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९१४ च्या ऑगस्टपर्यंत मागे जाते. बेल्जियममधले लिएज आणि नामूरचे काँक्रीटचे किल्ले जर्मनांच्या ४२० मिलिमीटरच्या तोफांनी काही दिवसांत फोडले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा या न्यायाने फ्रेंच सरसेनापती जोफ्र यानेही धडा घेतला, पण तो भलताच निघाला. किल्ले म्हणजे माणसे आणि तोफा अडकवून ठेवणारे सापळे, असा निष्कर्ष काढून ऑगस्ट १९१५ मध्ये व्हर्दूनच्या किल्ल्यांचे लष्करी महत्त्व कागदोपत्री संपवण्यात आले. तोफा उतरवून दुसऱ्या आघाड्यांवर नेल्या, शिबंदी काढून घेतली, आणि काही किल्ले पाडण्यासाठी सुरुंगाची तयारीही सुरू झाली. दुओमाँचे छत लिएजपेक्षा कितीतरी मजबूत होते, हे लक्षात घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. पुढे हेच छत दोन्ही बाजूंच्या अवजड तोफांचा मार झेलत महिनोन्‌महिने टिकून राहिले.

किल्ले मोकळे केले तर त्यांच्यापुढचे खंदक तरी भक्कम हवेत. तेही नव्हते. हे ज्याला सर्वांत आधी दिसले तो लेफ्टनंट कर्नल एमिल द्रियाँ. साठीचा हा माणूस एका वेळी बऱ्याच गोष्टी होता : निवृत्तीनंतर पुन्हा सैन्यात आलेला अधिकारी, नान्सीचा खासदार, जनरल बुलांजेचा जावई, आणि ‘कॅप्टन दानरी’ या टोपणनावाने भावी युद्धांच्या लोकप्रिय कादंबऱ्या लिहिणारा लेखक. व्हर्दूनच्या उत्तरेला बुआ दे कोर या जंगलात त्याच्या हाताखाली शासर म्हणजे हलक्या पायदळाच्या ५६ आणि ५९ क्रमांकाच्या दोन बटालियन होत्या. माणसे नाहीत, काटेरी तार नाही, दुसरी फळी धड खणलेली नाही, असे त्याने ऑगस्ट १९१५ मध्ये लोकसभेचा अध्यक्ष पॉल देशानेल याला पत्राने कळवले. पत्र युद्धमंत्री गालिएनीपर्यंत गेले आणि त्याने जोफ्रकडे विचारणा केली. डिसेंबरमध्ये जोफ्रचे तापलेले उत्तर आले. भीतीला काही आधार नाही, असे सांगून त्याने उलट असल्या तक्रारी वरिष्ठांना डावलून सरकारकडे नेणाऱ्यांची नावेच मागितली.

जोफ्रला सरसकट मूर्ख ठरवण्याचा मोह इथे अनेक लेखकांना झाला आहे. त्याच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. डिसेंबर १९१५ मध्ये शाँतियीला दोस्त राष्ट्रांची बैठक होऊन पुढच्या वर्षीच्या संयुक्त हल्ल्याचा बेत ठरला होता, आणि त्याची नजर सोम नदीवर खिळली होती. शत्रू काय करील यापेक्षा आपण काय करणार याच्या हिशेबात बुडालेला सेनापती शत्रूच्या हालचालींच्या बातम्या आपल्या हिशेबात बसतील तशा वाचतो. जानेवारीत पळून आलेल्या जर्मन सैनिकांनी तयारीची माहिती दिली, तोफा येत असल्याचे संकेत मिळाले. तरी शत्रू दुसरीकडे हूल देतोय असे मुख्यालयाला वाटत राहिले. कुमक येऊ लागली ती शेवटच्या घटकेला.

ती यायला वेळ मिळाला तो हवामानामुळे. हल्ला १२ फेब्रुवारीला व्हायचा होता. त्या दिवशी बर्फ आणि धुके असे दाटले की तोफांना नेम धरता येईना. त्यानंतर एकेक दिवस करत हल्ला नऊ दिवस लांबला. जर्मन हल्लेखोर तुकड्या आघाडीलगत खोदलेल्या मोठ्या भुयारी आसऱ्यांत दडवल्या होत्या. ते आसरे काही तास थांबण्यासाठी बांधलेले, त्यांत पाणी साठू लागले. माणसे गुडघाभर गार पाण्यात उभी राहत किंवा रात्री कित्येक किलोमीटर मागे झोपायला जाऊन पहाटे परतत. पलीकडे फ्रेंचांच्या ताज्या डिव्हिजन व्हर्दूनच्या दिशेने निघाल्या होत्या. या नऊ दिवसांचे श्रेय कोणत्याच सेनापतीला देता येत नाही, म्हणूनही असेल, आठवणींच्या पुस्तकांत त्यांना फारशी जागा मिळालेली नाही.

२१ ते २५ फेब्रुवारी

२१ तारखेला सकाळी दूरच्या जंगलात लपवलेल्या ३८ सेंटिमीटरच्या एका नौदल तोफेने पहिला गोळा व्हर्दून शहरावर टाकला. तो कॅथेड्रलच्या परिसरात फुटला. मग सुमारे बाराशे तोफांनी तोंड उघडले. साठा पंचवीस लाख गोळ्यांचा होता आणि तो आणायला तेराशे आगगाड्या लागल्या होत्या. बारा-तेरा किलोमीटरच्या पट्ट्यावर सुमारे नऊ तास भडिमार चालला. तोवरच्या युद्धात असे कोणी पाहिले नव्हते. द्रियाँच्या बुआ दे कोरवर ऐंशी हजार गोळे पडले असा आकडा अनेक पुस्तकांत येतो. तो थोडा इकडेतिकडे असला तरी संध्याकाळी तिथे झाडांऐवजी बुंध्यांचे खुंट उरले होते, याविषयी दुमत नाही.

त्यानंतर पायदळाने काय केले, हे समजून घेण्याजोगे आहे. दुपारी उशिरा पुढे आल्या त्या छोट्या टेहळणी तुकड्या, काही ठिकाणी ज्वालाफेकी घेऊन. कुठे कोण जिवंत आहे ते शोधायचे, उरलेल्यांना तोफखान्याच्या हवाली करायचे, आणि खरी चाल दुसऱ्या दिवशी, असा हुकूम. म्हणजे तोफांनी मुलूख जिंकायचा आणि पायदळाने तो ताब्यात घ्यायचा. तीन कोअरपैकी पश्चिमेकडच्या सातव्या राखीव कोअरच्या सेनापतीने, फॉन त्स्वेलने, हा हुकूम मनावर घेतला नाही. त्याने पहिल्याच संध्याकाळी जोराची चाल करून ओमाँचे जंगल घेतले. मधल्या आणि पूर्वेकडच्या कोअरनी हुकमाप्रमाणे चाचपणी केली आणि त्यांना कळले की भाजून निघालेल्या जंगलात माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे मशीनगनही आहेत.

बुआ दे कोरमध्ये सलग खंदक नव्हताच. झाडांमध्ये विखुरलेली लहान ठाणी होती, एकमेकांना आधार देणारी, आणि मागे काँक्रीटची काही चौकीघरे. सलग ओळ असती तर तोफांनी ती नेमकी शोधून उकरली असती. विखुरल्यामुळे काही ठाणी वाचली. बाराशेच्या आसपास माणसांपैकी किती त्या दिवशी ढिगाऱ्याखाली गेली याचा हिशेब लागत नाही, पण रात्री उरलेल्यांनी गमावलेले काही भाग परत घेतले. २२ तारखेला पुन्हा भडिमार आणि मग पूर्ण ताकदीची चाल. शेजारचे ओमाँचे जंगल आदल्या संध्याकाळीच गेल्यामुळे द्रियाँची डावी बाजू उघडी पडली होती. दुपारनंतर ठाणी एकेक करून वेढली गेली. द्रियाँने उरलेल्यांना छोट्या गटांनी मागच्या बोमाँ गावाकडे निघायला सांगितले. माघार घेताना तो एका जखमी सैनिकाला मलमपट्टी करायला वाकला आणि तिथेच गोळी लागून गेला. दोन बटालियनपैकी परत पोहोचलेल्यांची संख्या शंभराच्या आगेमागे भरते. जर्मनांनी त्याला रणांगणावरच पुरले आणि त्याच्या वस्तू एका जर्मन सरदार घराण्यातल्या स्त्रीने स्वित्झर्लंडमार्गे त्याच्या पत्नीकडे पोहोचवल्या.

द्रियाँची गोष्ट फ्रान्समध्ये वीरगाथा होऊन बसली, आणि वीरगाथेत हिशेब हरवतो. त्याच्या दोन बटालियननी मिळवून दिला तो जेमतेम एक दिवस. पण २४ तारखेला फ्रेंचांची काय अवस्था होती हे पाहिले की या एका दिवसाची किंमत कळते. शिवाय २२ तारखेलाच शेजारच्या ओमाँ गावात आणि पूर्वेला एर्बबुआच्या जंगलात हेच चालले होते. त्या माणसांवर पुस्तके लिहिली गेली नाहीत, कारण त्यांच्यात कोणी खासदार-कादंबरीकार नव्हता.

२३ तारखेला फ्रेंच हुकुमांची साखळी तुटली. ब्राबाँ हे नदीकाठचे गाव सोडून दिले गेले. मग ते परत घ्या असा हुकूम आला, त्यासाठी माणसे उरली नव्हती. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, निरोपे वाटेत मरत होते. सामोन्यू गाव पडले अशी चुकीची बातमी मागे गेली आणि फ्रेंच तोफांनीच ते भाजून काढले, आत फ्रेंच तुकडी अजून लढत असताना. रात्री जर्मन आत शिरले तेव्हा त्यांचे निम्मे काम शत्रूच्या तोफांनीच केले होते.

२४ तारीख फ्रेंचांची सर्वांत वाईट. पहिल्या फळीच्या दोन डिव्हिजन, ५१ आणि ७२, संपल्यात जमा होत्या. दुसरी फळी नीट खणलेलीच नसल्याने काही तासांत गेली. आफ्रिकेतून आलेली ३७ वी डिव्हिजन, म्हणजे झुआव आणि अल्जीरियन तिराय्यर, तुकड्यातुकड्यांनी, उघड्या बर्फात, खंदकांवाचून पुढे ढकलली गेली आणि तिची धूळधाण झाली. त्या संध्याकाळी मध्य आघाडीचा सेनापती लांग्ल द कारी याने पूर्वेकडच्या वोव्रच्या मैदानातून माघारीचा हुकूम दिला. व्हर्दूनच्या पुढे काही तास का होईना फ्रेंच फळी नावापुरती उरली होती.

आणि २५ तारखेला दुओमाँ गेला. प्रत्यक्षात काय झाले ते एखाद्या फार्ससारखे आहे. कुठल्याशा लढाऊ तुकडीने किल्ला सांभाळायचा होता, पण नव्या कोअरला जागा देताना दोन्ही शेजाऱ्यांची समजूत अशी की किल्ला दुसऱ्याकडे आहे. आत होते साठेक लोक, बहुतेक वयस्क राखीव तोफची, आणि त्यांच्यावर शेनो नावाचा एक ज्येष्ठ जमादार. ते १५५ मिलिमीटरच्या फिरत्या बुरुजातून दूरवर गोळे टाकत होते. दाराशी पहारा नव्हता. जर्मन बाजूने २४ व्या ब्रांडेनबर्ग रेजिमेंटला किल्ल्याच्या अलीकडे थांबायचा हुकूम होता. ती माणसे भरात येऊन पुढे गेली. बर्फ पडत होता. शेजारच्या दुओमाँ गावातल्या फ्रेंच मशीनगनवाल्यांना किल्ल्याकडे चढणारे सैनिक आपलेच झुआव वाटले. सार्जंट कुन्झ आणि त्याचे काही पायोनियर खंदकात उतरले आणि बाजूच्या भिंतीतल्या तोफेच्या झरोक्यातून आत शिरले. मागोमाग लेफ्टनंट राटके, कॅप्टन हाउप्ट आणि लेफ्टनंट फॉन ब्रांडिस आपापल्या तुकड्या घेऊन पोहोचले. युरोपातल्या सर्वांत मजबूत समजल्या जाणाऱ्या किल्ल्यांपैकी एक जवळपास रक्त न सांडता पडला. सर्वोच्च पदक ‘पूर ल मेरित’ मिळाले ते हाउप्ट आणि ब्रांडिसला. राटकेची कामगिरी बऱ्याच काळाने मान्य झाली आणि कुन्झची हकिकत त्याहूनही मागाहून पुढे आली. शौर्याच्या वाटणीत हुद्दा किती कामाला येतो, याचा हा नमुना.

अडले कुठे?

दुओमाँ पडल्यावर जर्मनीत चर्चच्या घंटा वाजल्या. पण पायदळ तेवढ्यावरच थबकले. २६ ते २८ तारखेला दुओमाँ गावावरचे हल्ले परतवले गेले आणि गाव हाती यायला मार्चचा पहिला आठवडा उजाडला. (त्याच चकमकीत २ मार्चला शार्ल द गोल नावाचा एक फ्रेंच कॅप्टन जखमी होऊन कैद झाला.) का अडले, याची कारणे इतिहासकार वेगवेगळ्या क्रमाने मांडतात. ती चार.

पहिले कारण पेताँ. २४ च्या रात्री जोफ्रने आपला उजवा हात जनरल कास्तेल्नो याला व्हर्दूनला धाडले. २५ ला सकाळी तिथे पोहोचून त्याने उजवा काठ सोडायचा नाही असे ठरवले, आणि सेनापतीपद आले फिलिप पेताँकडे. त्याच मध्यरात्री त्याने सुयी गावातून सूत्रे हाती घेतली. दुसऱ्या दिवशी न्यूमोनियाने आडवा पडला आणि अंथरुणातूनच हुकूम देऊ लागला. किल्ल्यांना पुन्हा शिबंदी, तोफांचा मारा एका हाती, कुठे थांबायचे याची ठळक रेषा. बैल गेला अन् झोपा केला असे म्हणता येईल, पण हा झोपा नंतर कामाला आला. तरी पेताँला सगळे श्रेय देणारी जुनी फ्रेंच कहाणी अतिरंजित आहे. तो आला तेव्हा जर्मनांचा जोर ओसरू लागलाच होता.

दुसरे कारण रस्ता. बार-ल-द्यूकच्या वाटेने कमांडंट दुमांकच्या वाहतूक तुकड्यांनी सुमारे साडेतीन हजार मोटारींची दिवसरात्र साखळी चालवली. सरासरी चौदा सेकंदांना एक गाडी. बिघडलेली गाडी सरळ रस्त्याच्या कडेला ढकलली जाई. दुतर्फा उभे असलेले वयस्क राखीव सैनिक चाकांखाली खडी टाकत राहत. मोटारींच्या जोरावर एवढी मोठी फौज पोसण्याचा हा पहिलाच मोठा प्रयोग.

तिसरे कारण नदीचा डावा काठ, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. जर्मन जसे उजव्या काठाने दक्षिणेकडे सरकत गेले तसतशी त्यांची उजवी बाजू नदीपलीकडच्या फ्रेंच तोफांसमोर उघडी पडत गेली. मोर्तोम आणि टेकडी ३०४ च्या आडून होणारा मारा त्यांच्या रांगांवर बाजूने येऊ लागला. युवराजाने ज्याची भीती व्यक्त केली होती तेच घडले. डाव्या काठावर हल्ला झाला तो ६ मार्चला, तोवर पेताँने तिथली तयारी करून ठेवली होती.

चौथे कारण जर्मनांचे स्वतःचे यश. फेब्रुवारीअखेर बर्फ वितळले आणि गोळ्यांनी चाळण झालेल्या जमिनीचा चिखल झाला. अवजड तोफा पुढे आणता येईनात. ज्या तोफांनी फळ्या फोडल्या त्यांच्या टप्प्याबाहेर पायदळ निघून गेले होते, आणि तोफांशिवाय ते कसे लढते याची कोणी तयारी केलेली नव्हती.

यावरून एक जुना प्रश्न निघतो : २१ तारखेला संध्याकाळी सर्व कोअर त्स्वेलसारखे चालून गेले असते तर? काही लेखकांच्या मते व्हर्दून पडले असते. मला ते इतके सोपे वाटत नाही. एक दिवस नक्की वाचला असता, आणि त्या दिवसाने २४ तारखेचा गोंधळ आधी आला असता. पण राखीव डिव्हिजन फाल्केनहाइनच्या मुठीत होत्या आणि डावा काठ फ्रेंचांच्या. पायदळाने चाल वेगाने केली असती तर ते त्याच बाजूच्या माऱ्यात लवकर येऊन अडकले असते. दोष पायदळाच्या सावधपणापेक्षा योजनेच्या अर्धवटपणात आहे.

पाच दिवसांचे फलित

२५ तारखेनंतर दोन्ही बाजूंना थांबता येत नव्हते. जर्मनीने दुओमाँचा जयघोष इतका केला की तिथून मागे फिरणे म्हणजे पराभवाची कबुली ठरली असती. फ्रान्समध्ये दुओमाँची नामुष्की झाकता येईना, आणि त्यातून व्हर्दून टिकवणे ही राष्ट्राच्या अब्रूची बाब बनली. शुद्ध लष्करी दृष्टीने डाव्या काठावर भक्कम रेषा धरणे शक्य होते. कास्तेल्नोने २५ ला सकाळी जो निर्णय घेतला तो केवळ नकाशा पाहून घेतलेला नव्हता. त्यानंतर दोन्ही सेना मोर्तोम, व्हो, फ्लरीच्या वाटेने वणवण करत राहिल्या. १ जुलैला सोमवर ब्रिटिश हल्ला सुरू झाला, २९ ऑगस्टला फाल्केनहाइनला पद गमवावे लागले आणि २४ ऑक्टोबरला फ्रेंचांनी दुओमाँ परत घेतला. जी नऊ गावे या लढाईत नकाशावरून पुसली गेली त्यांतली ओमाँ, बोमाँ, लुव्हमाँ आणि ऑर्न ही पहिल्या आठवड्याच्या रणधुमाळीतली.

झिजवण्याच्या योजनेचा हिशेबही दोन्ही बाजूंच्या नुकसानीच्या आकड्यांवरून लागतो. झीज हाच हेतू असेल तर ती जवळजवळ बरोबरीची झाली. म्हणजे योजना फसली. शहर घेणे हा हेतू असेल तर तोही फसला. फाल्केनहाइनच्या टिपणाला प्रमाण मानणाऱ्यांना आणि त्याला खोटे ठरवणाऱ्यांना या दोन्ही फसगतींचे उत्तर द्यावे लागते. दहा महिन्यांचा हा संहार कोणाच्या सुबक योजनेतून निघाला असे मला दिसत नाही. अर्धवट योजनेला पाच दिवसांत जे अर्धवट यश मिळाले त्यातून तो निघाला. पूर्ण यश मिळाले असते तर लढाई मार्चमध्येच संपली असती. साफ अपयश आले असते तर फाल्केनहाइनने हल्ला गुंडाळला असता.

अलीकडच्या अभ्यासात या दिशेने बदल दिसतो. क्रुमाइख हे जर्मन इतिहासकार आणि आंत्वान प्रोस्त हे फ्रेंच इतिहासकार यांनी मिळून व्हर्दूनवर पुस्तक लिहिले. दोन देशांच्या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या की द्रियाँ आणि ब्रांडिस यांच्या वीरगाथा लहान होतात आणि दोन्ही मुख्यालयांतल्या तारांना, हुकमांना, न वाचलेल्या पत्रांना वजन येते. पॉल जँकोव्स्की यांनीही लढाईची दंतकथा आणि प्रत्यक्ष घटना वेगळ्या काढण्याचा प्रयत्न केला आहे. व्हर्दूनवर नव्याने वाचणाऱ्याने सेनापतींच्या आठवणींपेक्षा १९१६ च्या जानेवारीतले पाचव्या सेनेचे हुकूम आणि ऑगस्ट १९१५ चे द्रियाँचे पत्र यांपासून सुरुवात करावी. आठवणी निकाल माहीत झाल्यावर लिहिल्या जातात. हुकूम आणि तक्रारी लिहिताना तो कोणालाच माहीत नसतो.